आरशातली लाट

२ मार्च

आज दुकान उघडलं. पाटीवर 'काच आणि आरसे' एवढंच आहे, नाव नाही. फुंक्या म्हणाला, "भाऊजी, नाव हवं होतं." मी म्हटलं, लोकांना काच हवी असते, नाव नाही. तो गप्प बसला. काचेच्या बाबतीत माझ्यापुढे गप्पच बसावं लागतं, आणि बाकीच्या बाबतीत मी बसवतो.

फुंक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काच तोडली की कडेवर फुंकर मारायची खोड, म्हणून फुंक्या. कण डोळ्यात जातील, फडक्यानं पूस, हे मी त्याला मिसरूड फुटल्यापासून सांगतोय. अजून फुंकतो. पण हात सरळ आणि मन त्याहून सरळ. दोघांनी निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या दुकानात काच कापली, आता पन्नाशी उलटल्यावर मालक झालोय. भागीदार तोच हवा होता. दुसरं कोणी तुम्हाला सहन करणार नाही, असं बायको म्हणते.

ही वहीही तिनंच आणली. म्हणाली, "दिवसभर दुकानात जे बोलता तेच संध्याकाळी मला पुन्हा ऐकवता. त्यापेक्षा लिहा." लिहायला माझी हरकत नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

९ मार्च

पहिल्याच आठवड्यात मोठा मासा गळाला लागला. नाच शिकवणाऱ्या एक बाई आल्या. वरच्या मजल्यावर त्यांनी मोठी खोली घेतली आहे आणि त्यांना एक अख्खी भिंत आरशांची हवी आहे. माणसापेक्षा उंच असे आठ आरसे, एकाला एक लागून, सांधा दिसता कामा नये.

"मुलींना त्यांची चूक त्यांनाच दिसली पाहिजे," बाई म्हणाल्या. "मी किती ओरडू?"

मी म्हटलं, "बाई, माझ्या आरशात चूकसुद्धा सुंदर दिसेल."

"मग तुमचा आरसा नको," त्या म्हणाल्या. फुंक्या इतका हसला की त्याला बाहेर पाठवावं लागलं.

मग मी त्यांना नीट समजावलं. आरसा खराब कसा ओळखायचा? समोर ओळंबा टांगायचा, तोच गवंड्यांचा, दोरीला वजन बांधलेला. आपण बाजूबाजूला सरकायचं आणि आरशातली दोरी बघायची. काचेत लाट असेल तर दोरी सापासारखी वळते. सरळ राहिली तर आरसा चोख. मी स्वतः ओळंबा केव्हाच सोडला. माझा डोळाच ओळंबा आहे. दोरी नवशिक्यांनी धरावी. फुंक्या अजून धरतो.

हे काम उभं राहिलं तर दुकान उभं राहिलं. उभं राहणारच.

२१ मार्च

पट्टी सरकते. काच कापताना डाव्या हातानं लोखंडी पट्टी दाबून धरायची आणि उजव्या हातानं हिरकणीची, म्हणजे काच कापायच्या हिऱ्याच्या टोकाची, एकच रेघ ओढायची. यात विचार करण्यासारखं काही नाही, मी झोपेतही करीन. आज दोनतीनदा पट्टी मध्येच उडाली आणि रेघेला कोपर फुटलं. माझा हात हलत नाही, म्हणजे टेबल हललं. टेबलाच्या डाव्या अंगाला फुंक्या उभा होता.

"पोटाचा टेकू काढ टेबलावरून," मी म्हटलं.

"भाऊजी, मी लांब आहे."

लांब असला तरी त्याचं पोट आधी पोचतं.

काचही हल्ली पूर्वीची राहिली नाही. भट्टीतून घाईनं काढतात, नीट निवू देत नाहीत. मग आत ताण राहतो आणि हिरकणी लावली की भलतीकडेच तडकते. गोदामवाल्याला फोन करून सुनावलं. तो म्हणतो, बाकी कोणाची तक्रार नाही. मी म्हटलं, बाकी कोणाला काच कळत नाही.

३ एप्रिल

नाचाच्या बाईंचे पहिले दोन आरसे आले. टेम्पोतून उतरवून भिंतीला टेकवले, मी समोर उभा राहिलो, आणि बघतो तर लाट! डाव्या गालापाशी काच हलल्यासारखी झाली. ओठाचा कोपरा कानाकडे ओढला गेला, क्षणभरच, आणि पुन्हा जागेवर. बारीक दोष, पण माझ्या नजरेतून सुटतो की काय.

फुंक्यानं ओळंबा टांगला. चारचारदा सरकून पाहिलं. "दोरी सरळ आहे, भाऊजी."

"दोरी जाड आहे. मला चेहऱ्यात दिसतंय."

तो आरशात बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, मी काय नवी नवरी आहे? दुसऱ्या आरशातही तीच लाट, तिथेच, डाव्या गालाला. अख्खा लॉट खराब. परत पाठवायला सांगितले. त्यानं दोन्ही आरसे गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढवले आणि घेऊन गेला.

१२ एप्रिल

मोठा शोध लागला आहे. घरातला आरसाही बिघडला. मीच बसवलेला, इतकी वर्षं निर्दोष. आज दाढी करताना तीच लाट, तोच गाल, आणि त्यासरशी वस्तरा हातातून बेसिनमध्ये. म्हणजे आरसा बसवल्यावरही बिघडतो! मागचा मुलामा आतल्या आत आकसत असला पाहिजे. हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

बायको दारात उभी होती. मी तिला शोध सांगितला. ती म्हणाली, "अहो, आरसा नाही, तुमचा गाल हलतोय."

"गाल आरशात हलतोय."

"मला आरशाबाहेर दिसतोय."

मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी तू मला काच शिकवणार? तेव्हापासून ती जेवताना, बोलताना, सारखी डाव्या गालाकडे बघते. काही चिकटलंय की काय म्हणून मी रुमालानं पुसत राहतो.

१९ एप्रिल

बायकोच्या हट्टाखातर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, पाठीवर थाप मारली. वय, नवा धंदा, ताण. झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप मात्र खरंच उडाली आहे, ते मान्य करतो. हात उडतो म्हणून बायको सांगायला लागली तर डॉक्टर म्हणाले, थकव्यानं होतं. मी तिला म्हटलं, बघ, शिकलेला माणूस माझ्याच बाजूनं बोलतोय.

उरलेले सहा आरसेही आले, तेही परत पाठवले.

२७ एप्रिल

आज एक गंमत झाली. सकाळी पाय आपोआप जुन्या मालकाच्या दुकानाकडे वळले. मी आत गेलो, एप्रन घातला, हिरकणी उचलली आणि समोरची काच कापायला घेतली. मालक बघतच राहिला. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि कोणाला तरी फोन केला. थोड्या वेळानं फुंक्या धापा टाकत हजर. मी म्हटलं, उशीर का केलास? वाटभर तो खाली मान घालून चालला. सवय ही अशी असते. यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

४ मे

आज दुकान उघडलं. पाटीवर नाव नाही. फुंक्या म्हणाला नाव हवं. मी म्हटलं, लोकांना काच हवी असते, नाव नाही. तो हसला नाही.

बायकोनं ही वही आणली आहे.

११ मे

फुंक्यामुळे आरसा गेला. बाई तारीख मागत होत्या, म्हणून एक नवा आरसा मागवून लावूनच दाखवू असं त्यानंच काढलं. जिना अरुंद. मोठी काच जिन्यानं नेताना आमची रीत ठरलेली आहे. वरचा माणूस पाठमोरा चढतो आणि बोलतो: पायरी, पायरी, वळण, थांब. खालचा बोलत नाही, त्याला काचेशिवाय काही दिसतच नाही, तो फक्त ऐकतो आणि वजन पेलतो. मी वर होतो. वळणावर आलो आणि काच सुटली. खालून सुटली. त्यानंच हात काढला असणार, कारण मी तर घट्ट धरली होती. मला हे लख्ख आठवतं.

आवाज मोठा झाला. बाई धावत आल्या. फुंक्या खाली बसून राहिला होता, मनगट दुसऱ्या हातानं दाबून. रक्त बरंच गेलं. टाके पडले म्हणे. काचेशी निम्मं आयुष्य संसार केला तरी हातमोजे घालायचे कळत नाही.

मी वरून एवढंच म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

१२ मे

आज विचार केला आणि सगळं जुळलं. टेबल कोण हलवतं? फुंक्या. आरसे कोण आणतं? फुंक्या. ओळंबा कोण धरतं? फुंक्या. काच कोणी सोडली? त्याला दुकान एकट्याला हवं आहे. गोदामवाला त्याला सामील. बायकोही. कालपासून दोघं हळू आवाजात बोलतात आणि मी आलो की थांबतात.

तो हाताला पट्टी बांधून दुकानात आला. मी किल्ली मागून घेतली. म्हटलं, "पुन्हा या दारात दिसलास तर बघ."

"भाऊजी, तुम्हाला बरं नाही."

"मला बरं नाही? मी एकटा शहाणा राहिलोय इथे."

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. जाताना टेबलावर पडलेल्या काचेच्या तुकड्याच्या कडेवर फुंकर मारली. सवयीनं. मला कसंसंच झालं, पण मी मागे हटलो नाही. मी सहसा हटत नाही.

२४ मे

दुकानात एकटाच. काम नाही कारण काच सगळी खराब. जेवणाची चव बदलली आहे, बायको त्यात काहीतरी घालते. मी तिच्या ताटातलं खातो आणि माझं तिला देतो. ती निमूट जेवते. नंतर मोरीत नळ सोडून रडते, ते मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. चोराच्या मनात चांदणं.

भिंतीतून पट्टी पडल्याचा आवाज येतो. भिंतीपलीकडे कोणी राहत नाही.

तरी मी खंबीर आहे.

३ जून

आज मला एका मोठ्या इस्पितळात बोलावलं होतं, आरसा तपासायला. बायको म्हणाली, तिथल्या एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या आरशात काहीतरी दोष आहे, सगळे कारागीर थकले, कोणालाच सापडत नाही. मी म्हटलं, सापडणार कसा, मला कोणी विचारलं का? पिशवीत हिरकणी, पट्टी, ओळंबा टाकला आणि निघालो. ओळंबा बायकोनं टाकायला लावला.

दारावरची पाटी वाचली, मनोविकारतज्ज्ञ. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आरसा कुठेही बिघडतो हो." हे मला पटलं.

बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलावर अर्धा पेरू. हात धुण्याच्या बेसिनवर आरसा होता, साधाच. मी समोर उभा राहिलो आणि थोड्याच वेळात लाट आली. "ही बघा!" मी म्हटलं. "डाव्या गालाशी."

"दिसली," बाई म्हणाल्या. किती बरं वाटलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाला तरी दिसली. "आणि त्याच वेळी तुमचा डावा हातही उडाला. तो आरशामुळे?"

मी म्हटलं, दचकलो असेन.

"बरं. आता मी उभी राहते." त्या उभ्या राहिल्या. मी बारकाईनं पाहिलं. त्यांच्या गालाला काही झालं नाही. पुन्हा मी उभा राहिलो, त्या शेजारी. बोलत राहिल्या, दुकानाचं, मुलाबाळांचं विचारत राहिल्या. पुन्हा लाट, फक्त माझ्या चेहऱ्यावर. त्यांचा चेहरा तिथेच, हातभर अंतरावर, सरळ.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला शिकवा. एखादी नवशिकी बाई आली तर तिला आरसा तपासायला कसं सांगाल?"

नवशिक्यांसाठी ओळंबाच. मी पिशवीतून काढला, दिव्याच्या खिळ्याला टांगला, आमच्या दोघांच्या आणि आरशाच्या मध्ये, माझ्या गालाशेजारीच. "आता दोरीकडे बघा," मी म्हटलं, "आणि सरका." त्या सरकल्या. दोरी सरळ. "तुम्ही नका सरकू," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त बघा. दोरी आणि गाल, दोन्ही एकदम."

मी बघत राहिलो. गाल ओढला गेला. ओठ कानाकडे गेला, डावा हात खांद्यापासून झटकला गेला. आणि दोरी जिथल्या तिथे, रेघेसारखी.

मी म्हटलं, पुन्हा बघू. पुन्हा पाहिलं. तेच.

दोरी खोटं बोलत नाही. हे मी फुंक्याला शिकवलं होतं.

मी खुर्चीवर बसलो. बाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "बाई, आरसा चोख आहे."

"हो," त्या म्हणाल्या.

बायको माझ्यामागे उभी होती. तिनं माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि हात पुन्हा उडाला तेव्हाही काढला नाही. मला भीती वाटली. आजवर एवढी कधीच वाटली नव्हती.

५ जून

इस्पितळातल्या खाटेवर बसून लिहितोय. इथली खिडकीची काच जाड आणि वाईट कापलेली आहे. रक्त घेतलं, रक्तात मीठ कमी निघालं. डोक्याचं छायाचित्र काढलं. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं, डोक्याला तारा लावल्या. मेंदूचे डॉक्टर वेगळे आहेत, तरुण आहेत, भराभर बोलतात. डॉक्टरीणबाई त्यांच्याबरोबर येतात आणि त्यांचं बोलणं आम्हाला मराठीतून मराठीत सांगतात.

मेंदूला सूज आहे. जंतूंनी आलेली नाही. अंगात रोगाशी लढणारी फौज असते, तिनं माझ्याच मेंदूला शत्रू समजून मारा चालवला आहे. पक्का अहवाल यायला वेळ लागेल, पण चेहरा आणि हात असे एकदम उडतात ती या आजाराची खूणच आहे, म्हणून अहवालाची वाट न बघता उद्यापासून औषध शिरेतून सुरू करणार.

मी म्हटलं, म्हणजे आपलेच दात आपलेच ओठ.

बायकोनं विचारलं, "मग हे वेड नाही ना?"

डॉक्टरीणबाई पटकन हो किंवा नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तो शब्द मी वापरत नाही. त्यांचा संशय खरा होता, भास खरे होते. मन आजारी होतं आणि त्याचं कारण मेंदूतली सूज होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना असं काही नसतं, त्यांचं औषध वेगळं. पण जन्मभर ठणठणीत असलेला माणूस दोन महिन्यांत पार बदलतो आणि त्याबरोबर हात उडतो, तेव्हा मी आधी शरीर तपासते. तुम्ही त्यांना वेळेवर आणलंत."

"मी नाही," बायको म्हणाली. "माझ्या भावानं. आरशाची युक्ती त्याची. म्हणाला, भाऊजी डॉक्टरला भेटायला जाणार नाहीत, पण बिघडलेला आरसा बघायला कुठेही जातील."

तो फुंक्या एवढा हुशार केव्हा झाला?

१५ जून

खाण्याची वासना अशी सुटली आहे की काल शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भाकरीकडे मी बघत होतो आणि त्यानं ताट फिरवून घेतलं. औषधानं होतं म्हणतात. बोलणंही वाढलंय. नर्सला काच कशी निवते ते सांगितलं. तिनं सांगितलं की काल आणि परवाही सांगितलं होतं.

हात मात्र उडायचा कमी झाला आहे. काल दिवसभरात मोजकेच झटके. आज दुपारपासून एकही नाही. बायको अजून गालाकडे बघते. मी रुमाल काढत नाही आता, तिला बघू देतो.

२ जुलै

घरी आलो. अहवालही आला, डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता. गोळ्या बराच काळ घ्यायच्या आहेत. आजार परत फिरू शकतो म्हणून तपासणीला जात राहायचं. मी विचारलं, स्मरणशक्ती? मेंदूवाले डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, पण आजारातले काही आठवडे कदाचित कधीच येणार नाहीत.

खरंच मोठं भगदाड आहे. नाचाच्या बाईंचा पहिला विनोद आठवतो, लाट दिसली म्हणून आरसे परत पाठवले तेही. ओळंबा आणि डॉक्टरीणबाईंचा पेरू आठवतो. मधलं जवळजवळ काहीच नाही. या वहीची मागची पानं चाळायला घेतली, पण अक्षर असं आहे की परक्या माणसाची वही उघडल्यासारखं वाटलं. मिटून ठेवली.

फुंक्या रोज संध्याकाळी येतो, दुकानाचं सांगतो, जातो. दुकान तोच चालवतोय. आज तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्याला हाकलून दिलं होतं. किल्ली काढून घेतली होती. सांगू नको म्हणत होता, पण एवढं तरी तुम्हाला कळायला हवं."

मला जेवण गेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. त्या फौजेनं माझ्या मेंदूचं जे केलं तेच मी माझ्या घरच्या माणसाचं केलं. फौजेला निदान औषध निघालं.

३ जुलै

फुंक्या आला. मी म्हटलं, "मी तुला हाकललं म्हणे."

"हाकललं थोडंसं."

"थोडंसं कसं हाकलतात?"

"मी दाराबाहेरच होतो, भाऊजी. समोरच्या पायरीवर. तुम्ही घरी गेलात की उघडायचो. ताईकडे दुसरी किल्ली होती."

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि चुकलो म्हटलं. असं मी त्याला जन्मात म्हटलेलं नाही. तो इतका गडबडला की चहाच्या कपावरच फुंकर मारत बसला, चहा केव्हाच निवला होता.

२२ ऑगस्ट

दुकानात जायला लागलो. अर्धा दिवस, बायकोच्या पहाऱ्यात. आज पहिली काच कापली. पट्टी डाव्या हातानं दाबली, हिरकणी लावली, रेघ ओढली. चर्र आवाज एकसारखा आला. ठोका दिला, काच रेघेवर दुभंगली. फुंक्यानं कडेवर फुंकर मारली. मी काही बोललो नाही.

मग मी विचारलं, नाचाच्या बाईंचं काय झालं? गेलं असणार काम. तो म्हणाला, बाई थांबल्या आहेत, इतके दिवस मुली भिंतीकडे बघून नाचतायत. मी म्हटलं, आता आरसे मागवायचे म्हणजे पुन्हा महिना जाईल. माझ्या एवढ्या तक्रारी ऐकल्यावर गोदामवाला फोन तरी उचलेल का?

"मागवायचे कशाला?" तो म्हणाला. "या माझ्याबरोबर."

त्याच्या घरी नेलं. आत झोपायच्या खोलीत भिंतीला सगळे आरसे उभे, गोधड्यांत गुंडाळलेले, तोंडं भिंतीकडे. मी परत पाठवायला सांगितलेले. खोलीत चालायला जागा नाही, त्याची बायको आणि मुलं बाहेरच्या खोलीत झोपतात.

"अरे, मी हे परत द्यायला सांगितले होते ना?"

"चोख माल परत कसा द्यायचा, भाऊजी? आणि तुम्ही बरे झालात की लागणारच होते."

"मी बरा झालो नसतो तर?"

त्यानं याचा विचार केला होता असं दिसलं नाही. मला तिथे रडू आलं, आणि औषधानं येतं म्हणून मी वेळ मारून नेली.

१४ सप्टेंबर

आज भिंत उभी राहिली. आठवा, शेवटचा आरसा आज चढवला. आधीचे सात बाईंच्या माणसांनी आणि फुंक्यानं नेले, मी वर नुसता ओळंबा धरून उभा होतो. होय, मी. सातही वेळा दोरी टांगून पाहिलं. मग दोरीशेजारी माझा चेहरा धरून पाहिला. दोन्ही सरळ.

शेवटचा आम्ही दोघांनीच न्यायचा असं फुंक्यानं ठरवलं. बायको म्हणाली, "कशाला? माणसं आहेत की." तिचा चेहरा एवढा पांढरा पडला होता की मी म्हटलं, अगं, हा जिना माझ्या पायाखालचा आहे.

जिन्याशी आल्यावर मी म्हटलं, "मी खाली राहतो, वजन मी घेतो. मी मोठा आहे."

"नाही," तो म्हणाला. "वर तुम्हीच. तुम्ही बोला, मी चालतो."

तो इतक्या ठामपणे माझ्याशी कधी बोलत नाही. मी पाठमोरा चढू लागलो. पायरी. पायरी. खाली काचेआड तो दिसत नव्हता, फक्त काचेच्या कडांवर त्याची बोटं. वळणावर त्याची बाही मागे सरकली, मनगटावर लांबलचक व्रण दिसला, नवा, गुलाबी.

"हे कधी लागलं?" मी विचारलं.

"काच आहे, भाऊजी. लागते कधीतरी."

"हातमोजे घालत जा म्हणून किती वेळा सांगितलं. वळण आलं. थांब."

तो थांबला. खालच्या पायरीवर बायको दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती, श्वास रोखून. मी डावा हात आणखी घट्ट केला. "चल," मी म्हटलं, आणि तो चालला, एकही प्रश्न न विचारता.

आरसा लागला. बाईंनी मुलींना आत सोडलं आणि पहिलीनंच आरशात बघून जीभ काढली. खाली आलो तर बायको पायरीवर बसून रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, डोळ्यात काचेचा कण गेला. मी फुंक्याला हाक मारली आणि म्हटलं, बघ, तुझ्या फुंकण्यानं काय होतं ते. तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघं बहीणभाऊ माझ्याकडे बघून हसायला लागले, गालाकडे नाही, नीट डोळ्यांत बघून. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण काम चोख झालं होतं, म्हणून मीही हसलो.